कुतचा वेढा : ‘अजून थोडं पुढे’ गेलेल्या पूना डिव्हिजनचा जमाखर्च

२९ एप्रिल १९१६. टायग्रिस नदीच्या एका वळणात वसलेल्या कुत अल-अमारा या धुळकट इराकी गावात इंग्रजांच्या एका फौजेनं सकाळी आपल्याच तोफा आपल्याच हातांनी फोडल्या आणि तुर्कांपुढे हत्यारं ठेवली. वेढ्याचा तो १४७वा दिवस होता. या फौजेचं अधिकृत नाव सहावी (पूना) डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. साताऱ्या-कोल्हापुराकडची, रत्नागिरी-रायगड पट्ट्यातली शेतकऱ्यांची पोरं.

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्याकडे फ्रान्समधले खंदक आठवतात, फार तर इंडिया गेट. या युद्धात भारतीय सैनिक सर्वांत मोठ्या संख्येनं मेसोपोटेमियात, म्हणजे तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेल्या आजच्या इराकमध्ये गेले, ही गोष्ट मात्र मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असते. लढाया तिथे बऱ्याच झाल्या. मी कुत निवडलं, कारण मोठं युद्ध कसं घडतं आणि त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतं, हे एवढ्या उघडपणे दाखवणारं प्रकरण मला दुसरं सापडलं नाही. लंडनमध्ये चौकशी आयोग बसला होता, त्यामुळे तारा, हुकूम, जबान्या सगळं कागदावर आहे.

ओसरी कशी पसरली

१९१४ साली ब्रिटिश सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे ५१ टक्के भाग विकत घेतले. नौदलाची जहाजं कोळशावरून तेलावर आणायची होती आणि तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता इराणच्या आबादान बेटावर, तुर्की हद्दीला अगदी लागून. ऑक्टोबरात तुर्कस्थान युद्धात उतरण्याच्या आधीच डिव्हिजनची १६वी ब्रिगेड मुंबईहून निघून बहरीनजवळ जहाजांवर थांबून राहिली होती. ११७ मराठा याच ब्रिगेडमध्ये. ६ नोव्हेंबरला ती आखाताच्या तोंडाशी असलेल्या फाव या ठिकाणी उतरली, २२ नोव्हेंबरला बसरा हाती आलं. तेलाचा कारखाना सुरक्षित झाला. काम संपलं.

म्हणजे संपायला हवं होतं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! बसऱ्याला नीट श्वास घेता यावा म्हणून दोन नद्यांच्या संगमावरचं कुर्ना हवं, ते डिसेंबरात घेतलं. कुर्नाला वरून धोका नको म्हणून अमारा, ते ३ जून १९१५ ला. अमाऱ्याला बगल देऊन युफ्रेटिसच्या बाजूनं तुर्क येतील म्हणून जुलैत नासिरिया. नासिरिया आणि अमारा या दोन्हींची नाडी कुतमध्ये, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस कुत. यातलं प्रत्येक पाऊल एकेकटं पाहिलं तर शहाणपणाचं वाटतं. नकाशा काढून बसलेल्या कोणत्याही कर्नलला ते पटलं असतं. पण बसऱ्यापासून कुतपर्यंत नदी शेकडो किलोमीटर वळणं घेत जाते, वाटेत सडक नाही की रेल्वे नाही, आणि एवढं सगळं अंतर फौजेचं पीठ, दारूगोळा, औषधं उथळ पाण्यात चालणाऱ्या मूठभर बोटींवर लोटायचं होतं. बोटी मागितल्या गेल्या, रेल्वेचीही मागणी झाली. हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्याला खर्च परवडेना.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ही मोहीम सुरुवातीला लंडनची नव्हती, सिमल्याची होती. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग, सरसेनापती सर ब्यूशँप डफ आणि मोहिमेवरचे सेनापती सर जॉन निक्सन, ही तिची त्रिमूर्ती. निक्सन १९१५च्या एप्रिलमध्ये बसऱ्याला आले तेव्हा त्यांच्या खिशातल्या सूचनांत बगदादवर चाल करण्याचा आराखडा तयार ठेवा, असं म्हटलेलं होतं. लंडनला हे कळलं काही आठवड्यांनी, टपालानं.

तरीही ऑक्टोबर १९१५ मध्ये बगदादला होकार दिला तो लंडननंच. का? कारण तुर्कस्थानच्या किनाऱ्यावर, गॅलिपोलीत इंग्रज सपाटून मार खात होते. पूर्वेकडे इभ्रत घसरते आहे, मुसलमान प्रजेवर वाईट परिणाम होईल, तेव्हा एक झळझळीत विजय हवा आणि खलिफांचं जुनं शहर हाताशी दिसतंय, असा हिशेब झाला. तेल केव्हाच मागे पडलं होतं. ज्या कारणासाठी फौज धाडली ते पहिल्या महिन्याभरातच पूर्ण झालं, आणि पुढची दीड-पावणेदोन वर्षं माणसं मेली ती नंतर शोधलेल्या कारणांसाठी. ‘युद्धाची कारणं’ म्हणून शाळेत आपण चार-पाच मुद्द्यांची यादी पाठ केली. कुतकडे पाहिलं की वाटतं, कारणं यादीसारखी एका वेळी हजर नसतात. ती युद्धाबरोबर कूस बदलतात.

डिव्हिजनचा सेनापती मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड खासगीत या चढाईच्या विरुद्ध होता. एवढ्या थोड्या फौजेनिशी बगदाद घेऊन टिकवता येणार नाही, हे त्याला दिसत होतं. पण माणूस महत्त्वाकांक्षी. १८९५ साली हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, चित्रालच्या किल्ल्यात ४६ दिवस वेढा सोसून तो इंग्लंडात रातोरात प्रसिद्ध झाला होता. हुकूम आला तसा तो निघाला.

टेसिफॉन आणि एक बोट

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर, टेसिफॉनच्या प्राचीन कमानीच्या सावलीत लढाई झाली. तुर्कांची पहिली फळी पूना डिव्हिजननं घेतलीही. पण तोवर तिचे सुमारे ४,६०० लोक मेले किंवा जखमी झाले होते, लढायला उतरलेल्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. तुर्कांचं नुकसान त्याहून अधिक होतं, पण त्यांच्यामागे कुमक होती आणि टाउनशेंडच्या मागे रिकामी नदी. माघार सुरू झाली.

जखमींची सोय केली होती काही शेकड्यांची, निघाले हजारो. त्यांना खेचरांच्या, स्प्रिंग नसलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या गाड्यांत घालून नदीवर आणलं. मोडलेल्या मांडीचा माणूस त्या गाडीतून खडबडीत जमिनीवरून जातोय, हे डोळ्यांपुढे आणून पाहा. तिथून बोटींत. ‘मेजिदिए’ नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा मेजर कार्टर आपल्या इस्पितळ-जहाजावर उभा होता. बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ते दोरखंड नव्हते. अतिसार झालेली, हात-पाय मोडलेली माणसं डेकवर इतकी दाटीनं कोंबली होती की त्यांना हलताच येत नव्हतं, आणि त्यांची विष्ठा कठड्यावरून ओघळून वाळली होती. त्याच थरात ती माणसं कित्येक दिवस पडून होती.

कार्टरनं तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दम दिला, तू फार लुडबुड करतोस, अटक करू. आणि निक्सनच्या मुख्यालयातून तार गेली की जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली. ही तार पुढे चौकशी आयोगापुढे आली. युद्धात खोटं बोललं जातं ते शत्रूला फसवायला, असा आपला समज असतो. इथे फसवायचं होतं ते आपल्याच वरिष्ठांना.

१४७ दिवस

३ डिसेंबरला थकलेली फौज कुतमध्ये पोचली. आणखी मागे जाता आलं असतं, पण माणसं पाय उचलेनात आणि टाउनशेंडच्या मनात चित्राल असावं. घोडदळाला त्यानं बाहेर काढलं. ७ डिसेंबरपर्यंत तुर्कांनी गाव पूर्ण आवळलं. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला खंदक. आत दहा हजारांच्या आसपास लढवय्ये, तीनेक हजार बिनलढाऊ माणसं आणि गावचे जवळपास सहा हजार अरब रहिवासी.

त्या बिनलढाऊंसाठी इंग्रजी कागदात ‘फॉलोअर’ असा सपक शब्द आहे. आपल्याकडे त्याला खणखणीत शब्द आहे, बाजारबुणगे, आणि तो उच्चारला की पानिपत आठवतंच. तिथेही रसद तुटली होती, तिथेही लढणाऱ्यांबरोबर न लढणारे अडकले होते. शब्द मात्र मला आता खटकतो. भिश्ती, डोलीवाले, लांगरी, खेचरवाले, सफाईवाले यांच्याशिवाय ती फौज एक दिवस उभी राहिली नसती.

२४ डिसेंबरच्या रात्री तुर्क तटबंदीच्या कोपऱ्यातल्या मातीच्या किल्ल्यात घुसले. १७व्या ब्रिगेडनं, १०३ मराठा याच ब्रिगेडमधली, हातघाईच्या लढाईत त्यांना रेटून बाहेर काढलं. त्यानंतर तुर्कांनी तसा मोठा हल्ला केलाच नाही. गरज नव्हती. भुकेवर काम सोपवून ते बसून राहिले.

धान्याच्या हिशेबात टाउनशेंडनं जी चूक केली तिची किंमत कुतच्या बाहेरच्यांनी मोजली. आपल्याकडे थोड्याच आठवड्यांचं धान्य आहे असं त्यानं आधी कळवलं. सोडवायला येणाऱ्या जनरल एल्मरला अर्धवट जमलेली फौज घेऊन, तोफा आणि डॉक्टर मागेच ठेवून धावावं लागलं. जानेवारीच्या अखेरीस गावात घरोघर झडती घेतली तर शेकडो टन जव निघाला, मुक्काम कित्येक आठवडे लांबवता येईल एवढा. तोवर शेख साद, वादी आणि हन्ना या तीन लढाया होऊन गेल्या होत्या. २१ जानेवारीला हन्नाच्या चिखलात २,७०० लोक पडले आणि जखमी रात्रभर थंडी-पावसात तिथेच कुडकुडत राहिले. झडती डिसेंबरात घेतली असती तर? मला तरी वाटतं की सगळ्या वेढ्यात वाचवता आले असते असे सर्वांत जास्त जीव या एका प्रश्नात अडकले आहेत. ८ मार्चला दुजैला इथे तुर्कांची मोर्चेबंदी जवळजवळ मोकळी होती, फौज पहाटे तिच्यापुढे उभी होती, आणि तोफखान्याची वाट पाहत ती थांबली. तुर्क सावध झाले. आणखी साडेतीन हजार. एप्रिलपर्यंत कुतच्या १३,००० लोकांना सोडवण्याच्या खटपटीत सुमारे २३,००० माणसं ठार-जखमी झाली होती. ही वजाबाकी कोणालाही करता येते; त्या वेळी कोणी केली नाही.

घोड्याचं मांस

आतली उपासमार सगळ्यांची सारखी नव्हती. फेब्रुवारीपासून घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही, नकार दिला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी हा अडाणी हट्ट होता. टाउनशेंडनं बिनतारी संदेशानं हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ अशी परवानगी मागवली, ती आलीही. तरी माणसं बधेनात. न खाणाऱ्यांना बढती नाही, अशी धमकीही देऊन झाली.

नकाराचं कारण शिपाई स्पष्ट सांगत होते. गावी कळलं तर वाळीत टाकतील, आमच्या मुलींची लग्नं होणार नाहीत. मला यात हट्ट दिसत नाही. काशीच्या पंडिताची तार गावच्या पंचांपुढे काय कामाची? शिपाई पलटणीत येतो तो पोटासाठी आणि घरच्या इभ्रतीसाठी. परत गेल्यावर रोटी-बेटी व्यवहारच तुटणार असेल तर जगून परत जायचं कशाला, हा हिशेब त्याच्या दृष्टीनं पक्का होता. एप्रिलमध्ये शेवटी भुकेनं तो मोडला, बहुतेकांनी खाल्लं. पण उशीर झाला होता.

या प्रकरणातली एक विचित्र वैद्यकीय बाब वैद्यकीय प्रमुख कर्नल पॅट्रिक हेहिर यांच्या नोंदींतून दिसते. गोऱ्या पलटणींत बेरीबेरी पसरली, हिंदी पलटणींत स्कर्व्ही. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात होते, त्यातून कोंडा काढलेला, पण घोड्याच्या ताज्या मांसानं त्यांना स्कर्व्हीपासून वाचवलं. हिंदी लोक जवाचा कोंड्यासकट आटा खात होते म्हणून बेरीबेरीतून सुटले, पण मांस नाही, भाजी नाही, म्हणून हिरड्या सुजून दात हलायला लागले, जुन्या जखमा उघडल्या. एकाच गावात, एकाच वेढ्यात, ताटातल्या फरकानं दोन वेगळे रोग, दोन्ही जीवनसत्त्वांच्या अभावाचे! जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा नुकता कुठे जन्मला होता. लोक नदीकाठचं गवत, रानपाला खुडून उकडायचे. त्यातून काहींना विषबाधा झाली.

शेवटच्या पंधरवड्यात विमानांतून पोती टाकली. वेढलेल्या फौजेला विमानानं अन्न पुरवण्याचा इतिहासातला हा पहिलाच प्रयत्न. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची बोट २७० टन सामान घेऊन अंधारात वर निघाली आणि तुर्कांनी नदीत ताणलेल्या तारदोरात अडकून पडली. मग ऑब्री हर्बर्ट आणि टी. ई. लॉरेन्स हे अधिकारी पैशाचा प्रस्ताव घेऊन तुर्क सेनापती खलील पाशाकडे गेले, आधी दहा लाख पौंड, मग वीस. तुर्कस्थानचा युद्धमंत्री एन्व्हर पाशानं नकार दिला आणि इंग्रज पैसे देऊ करत होते हे जगजाहीर केलं. ज्या इभ्रतीसाठी बगदादला निघाले होते ती अशी विकायला काढावी लागली.

नंतर

अधिकारी, गोरे शिपाई, हिंदी शिपाई आणि फॉलोअर मिळून तेरा हजारांवर लोक कैद झाले. अधिकाऱ्यांना वेगळं काढलं. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, नौकेची सोय मिळाली, आणि कैदेत असतानाच इंग्लंडनं त्याला ‘सर’ केलं. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा होता. खलीलनं सौजन्यानं त्याला इंग्रजांच्या हद्दीत पोचवण्याची मुभा दिली आणि तो सुखरूप मायदेशी गेला.

बाकीचे चालत निघाले. बगदादपासून समाऱ्यापर्यंत आगगाडी, तिथून पुन्हा पायी तिक्रीत, मोसुल, निसिबिन, रास अल-ऐन, मे-जूनच्या उन्हात, बूट-पाण्याची बाटली आधीच लुटली गेलेली. मागे पडला तो संपला. वाचलेल्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं, गोऱ्यांना बहुतांशी तॉरस आणि अमानस डोंगरांतल्या बोगद्यांवर आणि हिंदी लोकांना बहुतांशी रास अल-ऐनला. रास अल-ऐन तेव्हा नुसतं स्टेशन नव्हतं. हद्दपार केलेल्या आर्मेनियन लोकांचं ते छावणीगाव होतं आणि १९१६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या कत्तली चालू होत्या. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरचे शिशिर सर्वाधिकारी तिथल्या आणि पुढे अलेप्पोच्या इस्पितळात कैदी म्हणून राबले. जे पाहिलं ते त्यांनी चोरून टिपून ठेवलं. म्हणून आज आपल्याला एका हिंदी कैद्याच्या डोळ्यांनी ते दिसतं. मराठा पलटणींतल्या कोणाचं तसं टिपण माझ्या पाहण्यात नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं.

२,५९२ गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक कैदेत मेले. हिंदी मृतांचा आकडा अडीच ते तीन हजार असा ढोबळ सांगितला जातो, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास ‘पत्ता लागला नाही’ या रकान्यात आहेत. प्रमाण पाहिलं तर गोरे जास्त मेले हे खरं. पण गोऱ्यांचा आकडा बऱ्यापैकी पक्का आणि हिंदी लोकांचा शेकड्यात खालीवर, हे त्या हिशेबाबद्दल पुष्कळ सांगतं. आणि कुतचे ते सहा हजार रहिवासी? टाउनशेंडनं हिवाळ्याची दया येऊन त्यांना बाहेर काढलं नाही. इंग्रजांना मदत केली म्हणून शरणागतीनंतर तुर्कांनी त्यांच्यातल्या काहींना फासावर लटकवलं. तोफगोळ्यांनी आणि उपासानं किती गेले ते कोणी लिहून ठेवलं नाही.

मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्य दोष निक्सनवर, मग हार्डिंग, डफ. खटला कोणावरच झाला नाही. हार्डिंग परराष्ट्र खात्यात मोठ्या जागेवर होते ते तिथेच राहिले, पुढे पॅरिसला राजदूत झाले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांचा व्यक्तिशः फारसा दोष नव्हता, त्यांनी मात्र राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले एडविन माँटेग्यू. अहवालावरच्या चर्चेत त्यांनी हिंदुस्थान सरकार लाकडासारखं ताठ आणि पुराणकालीन आहे असं संसदेत ठणकावलं होतं. २० ऑगस्ट १९१७ ला हिंदी लोकांना टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली ती त्यांनीच. आपल्या घटनात्मक इतिहासाच्या पुस्तकांत ही घोषणा ठळक अक्षरांत असते. तिच्यामागच्या पायऱ्यांत एक पायरी कुतच्या चिखलातली आहे, हे सहसा नसतं.

११ मार्च १९१७ ला जनरल मॉडनं बगदाद घेतलं. या वेळी बोटी होत्या, रेल्वे होती, इस्पितळं होती. जे १९१५ मध्ये परवडत नव्हतं ते सगळं आता परवडलं.

साताऱ्याजवळच्या आपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. एका गावातून ४६! ते कोणत्या आघाडीवर पडले हे मी इथे जुळवत बसत नाही. पण मेसोपोटेमियात कबर न मिळालेल्यांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये जी दगडी भिंत उभारली, तिच्यावर ४०,५०० हून अधिक लोकांची नोंद आहे. गोऱ्यांची हुद्द्यासकट नावं. हिंदी लोकांत फक्त अधिकाऱ्यांची नावं. साध्या शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, ‘आणि इतर इतके’ अशा धाटणीचा. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमानं ती भिंत उचलून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्यालगत वाळवंटात हलवली. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं नावं गाळण्याच्या या वागणुकीबद्दल माफी मागितली आणि गाळलेली नावं शोधायचं काम हाती घेतलं. शिपायांच्या निदान पलटणींच्या याद्या होत्या. भिश्ती आणि डोलीवाले शोधायचे कुठल्या यादीत, हा त्यातला सर्वांत अवघड भाग आहे.